१९५९ : चार तबकड्या आणि त्यांचा क्रम

नियम ठरवण्यातच आमचा पहिला शनिवार संपला. पुण्यात आम्ही अकरा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जॅझ ऐकतो. त्यांत एक तबला वाजवणारे आहेत, एक काकू संवादिनी शिकवतात, बाकीचे बहुतेक नुसतेच कानसेन आहेत, आणि यजमानांचा चहा वेळेवर आला तर भांडणे मर्यादेत राहतात. या वर्षी असे ठरले की एकाच सालातले अल्बम ओळीने ऐकायचे, प्रत्येकाने आपल्या पसंतीचे पाच निवडून त्यांचा क्रम लावायचा, पहिल्याला पाच गुण आणि पाचव्याला एक गुण द्यायचा आणि शेवटी बेरीज करायची. साल कोणते, यावर मतभेद झाला नाही, कारण माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आ उम’ आणि ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ हे चारही अल्बम १९५९ या एकाच वर्षात बाजारात आले होते. मतभेद झाला तो पाचव्यावर.

जॉन कोल्ट्रेनचा ‘जायंट स्टेप्स’ १९५९ मध्येच ध्वनिमुद्रित झाला, परंतु दुकानात पोहोचला तो १९६० च्या सुरुवातीला. त्याला या यादीत जागा द्यायची की नाही? एका मित्राचे म्हणणे असे की कलाकृतीचे वर्ष म्हणजे ती वाजवली गेली ते वर्ष. त्यावर काकूंनी विचारले की मुलाचा वाढदिवस जन्माच्या तारखेने करायचा असतो हे खरे, पण पत्रिकेत नाव बारशानंतरच लिहिता येते ना? अखेर बारसे धरावे असे बहुमताने ठरले आणि ‘जायंट स्टेप्स’ बाहेर राहिला. मी बहुमताच्या बाजूने होतो, तरीही एक गोष्ट नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चे दुसरे आणि शेवटचे सत्र २२ एप्रिल १९५९ रोजी झाले, आणि ‘जायंट स्टेप्स’वर अखेर गेलेल्या रचनांचे ध्वनिमुद्रण ४ मे रोजी सुरू झाले. म्हणजे एका स्वरसप्तकावर निवांत फिरणारा कोल्ट्रेन आणि श्वास घेण्याआधी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ) बदलणाऱ्या रचनेतून सुसाट धावणारा कोल्ट्रेन यांच्यात जेमतेम बारा दिवसांचे अंतर आहे. पियानोवादक टॉमी फ्लॅनगन त्या शीर्षकरचनेत आपल्या एकल वादनाच्या पाळीला कसा अडखळतो, ते ऐकले म्हणजे त्या बारा दिवसांत काय घडले होते याची कल्पना येते.

क्रम लावण्याची माझी कसोटी एकच होती. तबकडीच्या दोन्ही बाजू सलग ऐकायच्या, सुई मध्ये उचलायची नाही, आणि दहाव्या वेळी ऐकतानाही काही नवे हाती लागते का ते पाहायचे. एखादी लोकप्रिय रचना बाकीच्या अल्बमला आपल्या खांद्यावर वाहून नेत असेल, तर गुण त्या रचनेला द्यावेत, अल्बमला नाही. या कसोटीमुळे माझी यादी इतरांच्या यादीपेक्षा बरीच वेगळी झाली आणि मला थोडे ऐकूनही घ्यावे लागले.

‘काइंड ऑफ ब्लू’ १७ ऑगस्ट १९५९ रोजी प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या पन्नास लाख प्रतींच्या विक्रीवर शिक्कामोर्तब केले, आणि जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही घरी सापडणारा हा बहुधा एकमेव जॅझ अल्बम आहे. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स आणि एका रचनेपुरता विंटन केली, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब अशी ही मंडळी होती. डेव्हिसने त्यांच्यापुढे पूर्ण लिहिलेली बंदिश ठेवली नाही. कोणत्या स्वरांत फिरायचे याचे जुजबी आराखडे तेवढे दिले. वेष्टनावर एव्हन्सचे एक टिपण आहे, त्यात त्याने जपानी चित्रकारांच्या त्या रीतीची आठवण दिली आहे, ज्यात ताणलेल्या पातळ कागदावर कुंचला थांबला किंवा मागे वळला तर कागदच फाटतो.

आपल्याकडचे श्रोते या अल्बमवर चटकन लोभ करतात, आणि त्याचे कारण उघड आहे. ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत बेस एक प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. डेव्हिसची पाळी सुरू होते तेव्हा कॉबची झांज झणकन वाजते आणि मग कितीतरी वेळ विरत राहते. त्यानंतर जे सुरू होते ते काफी थाटातले आहे. शुद्ध रिषभ, कोमल गंधार, कोमल निषाद. संवादिनीवर पांढरी दोन षड्ज मानली तर सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच सापडतात. म्हणून पुष्कळ जण हे आपले रागसंगीतच आहे असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ही घाई आहे. थाट, म्हणजे स्वरांचा संच, आहे, पण चलन, म्हणजे त्यातून फिरण्याची ठरलेली रीत, नाही, वादी-संवादी नाहीत, न्यासाच्या ठरलेल्या जागा नाहीत. आणि मुख्य म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा गट झाले की अख्खा षड्जच पांढरी दोनवरून काळी दोनवर सरकतो, आठ गट तिथे मुक्काम करतो आणि परत खाली येतो. आपल्या मैफलीत गायकाने असे केले, तर तानपुऱ्यावर बसलेल्यांनी काय करावे? त्या अर्ध्या स्वराच्या चढण्यात जो धक्का आहे, तोच या रचनेचा प्राण आहे, आणि तो केवळ आलापीच्या कानांनी ऐकणाऱ्याच्या हातून निसटतो.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. माझ्याकडे या अल्बमची एक जुनी अमेरिकी प्रत आहे, काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करून घेतलेली. काकूंनी ‘सो व्हॉट’बरोबर सहज म्हणून संवादिनी धरली आणि दोन मिनिटांत भाता सोडून दिला. स्वर पांढरी दोनच्या वर होता आणि काळी दोनपर्यंत पोहोचतही नव्हता. सगळ्यांनी एकमुखाने माझ्या टर्नटेबलला दोष दिला, पट्टा सैल झाला असेल, मोटर म्हातारी झाली असेल वगैरे. मी तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूचे ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचशी अगदी तंतोतंत जुळले. मग टर्नटेबल निर्दोष सुटले. खरी गोष्ट अशी की पहिल्या सत्राच्या दिवशी, म्हणजे २ मार्च १९५९ रोजी, ध्वनिफितीचे मुख्य यंत्र किंचित सावकाश चालत होते, त्यामुळे नेमक्या वेगाने वाजवल्यावर त्या दिवशीच्या तिन्ही रचना चढ्या पट्टीत ऐकू येत, आणि पहिली बाजू त्याच तीन रचनांची होती. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. दुसऱ्या एका यंत्रावरची राखीव फीत त्यासाठी वापरण्यात आली. तीस-बत्तीस वर्षे जगभर लोक या अल्बमबरोबर आपली वाद्ये जुळवत बसले आणि आपलेच कान तपासत राहिले असणार. नवीन प्रत घेणाऱ्याने दुरुस्त आवृत्तीच घ्यावी. जुनी प्रत असेल तर मात्र ती टाकून देऊ नये. त्या किंचित चढ्या पट्टीला एक तरतरी आहे, आणि मला आता तीच जवळची वाटते.

शेवटच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये पाच वेगवेगळी स्वरसप्तके एकामागून एक येतात आणि प्रत्येकावर किती रेंगाळायचे ते वाजवणाऱ्याने ठरवायचे असते. रागमाला गाणाऱ्या गवयाला हे चटकन उमगेल. पाचांपैकी ज्या सप्तकावरून रचनेने हे स्पॅनिश नाव घेतले, त्यावर एव्हन्स किती हलक्या हाताने बोट ठेवतो! हे सगळे मान्य करूनही मी या अल्बमला दुसरा क्रमांक दिला आहे. तो कुठेही चुकत नाही, आणि दहाव्या वेळी ऐकतानाही मन निवते. पण तो माझ्याशी वाद घालत नाही. जेवणाच्या वेळी मागे लावून ठेवता येतो, हे त्याच्याविरुद्धचे माझे एकमेव म्हणणे आहे.

‘टाइम आउट’बाबत तबलजी मित्राने आधीच सांगून टाकले होते की हा अल्बम माझा आहे, त्यावर तुम्ही कोणी बोलू नका. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर ब्रुबेक तुर्कस्तान, इराण, भारत अशा देशांतून फिरला. मुंबईत त्याची उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी भेट झाली, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने काही वादकांना नऊ मात्रांत वाजवताना ऐकले. ती नऊ मात्रांची चाल म्हणजे ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’. दोन-दोन-दोन-तीन अशी तीन आवर्तने आणि चौथ्यात तीन-तीन-तीन. मित्राच्या शब्दांत सांगायचे तर तीन वेळा ठेका आणि चौथ्या वेळी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा.

‘टेक फाइव्ह’ तर सर्वांना ठाऊक आहे. रचना ब्रुबेकच्या सॅक्सोफोनवादकाची, पॉल डेझमंडची आहे, पाच मात्रांची. आमच्याकडचे कुणीही ती पहिल्यांदा ऐकताना झपतालाचे अर्धे आवर्तन समजून हाताने टाळी देतो आणि फसतो, कारण झपताल दोन-तीन असा चालतो आणि ही रचना तीन-दोन अशी. मित्राने यावर तोडगा काढला. त्याने झपताल पहिल्या मात्रेऐवजी तिसऱ्या मात्रेपासून धरला: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. ब्रुबेकचा पियानो त्याच वजनावर डुलत होता, आणि पलीकडे जो मोरेलो त्या डुलण्याला हात न लावता ड्रम्सवर आपली वाक्ये मोकळी सोडत होता. लेहऱ्यावर (साथीला सतत वाजणाऱ्या एकाच धुनेवर) एकल तबला ऐकलेल्या माणसाला पियानोचे तेच ते वाजवणे मुळीच कंटाळवाणे वाटत नाही. त्याला ते कशासाठी आहे हे ठाऊक असते. डेझमंडने या रचनेचे मानधन मृत्युपत्राने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे केले, आणि १९७७ मध्ये तो गेल्यापासून ते तिकडे जात आहे.

आता माझी तक्रार. ‘ब्लू रोंडो’त नऊ मात्रांचा मुखडा वाजवून झाला की डेझमंडची पाळी येते, आणि नेमकी तिथेच मंडळी सरळ चार मात्रांच्या ब्लूजमध्ये उतरतात. मुखडा मत्ततालाच्या नऊ मात्रांत मांडायचा आणि विस्तार करताना त्रितालात जायचे, असा हा प्रकार आहे. कुणी म्हणेल की त्या दोन जगांतला विरोधच तर दाखवायचा होता, आणि ते पूर्णपणे चूक नाही. पण मैफलीत अवघड तालाची घोषणा करून सोप्या तालात विस्तार करणाऱ्याला आपण कितीशी दाद देतो? ‘टेक फाइव्ह’मध्ये डेझमंड पाच मात्रांतच शेवटपर्यंत राहतो, म्हणून ती रचना मला अधिक प्रामाणिक वाटते. ‘थ्री टु गेट रेडी’ तर याहून गमतीची आहे: तीन-तीन, चार-चार अशा चौदा मात्रा, म्हणजे दीपचंदीचेच खंड, फक्त जोडीजोडीने मांडलेले, आणि इथे मात्र वादक त्या बांधणीतून पळ काढत नाहीत. उरलेल्या तीन-चार रचना नीटनेटक्या आहेत, त्यांच्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखे नाही. अल्बम चौथ्या क्रमांकावर. मित्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कोलमनच्या अल्बमविषयी आमच्यात सर्वांत कमी बोलणे आणि सर्वांत जास्त सुस्कारे झाले. ध्वनिमुद्रण २२ मे १९५९ रोजी हॉलिवुडमध्ये झाले. कोलमनच्या हाती पांढऱ्या प्लॅस्टिकचा आल्टो सॅक्सोफोन होता, जो त्याने काही वर्षांपूर्वी पितळी परवडत नाही म्हणून घेतला होता. शेजारी डॉन चेरीचे ट्रम्पेटसारखे कॉर्नेट, चार्ली हेडनचा बेस आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स. पियानो नाही. पियानो नसल्यामुळे कोणत्या क्षणी कोणती कॉर्ड चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगणारे कुणी उरत नाही, आणि वाजवणाऱ्यालाही त्याचे बंधन राहत नाही. धून एकदा मांडली की पुढे प्रत्येकाने तिच्या स्वभावाप्रमाणे वाट काढायची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात वाजवू लागली तेव्हा जाणकारांचे सरळ दोन तट पडले. आमच्या दिवाणखान्यातही तेच झाले. एका सदस्याने ‘इव्हेंच्युअली’ चालू असताना उठून पंखा बंद केला, आवाज पंख्याचा आहे असे वाटून.

तरीही ‘लोनली वुमन’ सुरू होते तेव्हा खोलीत शांतता पसरते. हिगिन्सचे हात द्रुत लयीत, हेडनचा बेस एका आधारस्वराला धरून घुमणारा, आणि या दोघांच्या वरून दोन्ही सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये अतिविलंबित विलाप करत जातात, जणू खाली जे चालले आहे ते त्यांना ऐकूच येत नाही. दोन लयी एकमेकींना न भेटता सोबत चालतात आणि तरीही कुणी सम चुकले असे वाटत नाही. कोलमनचा स्वर अनेकदा ठरलेल्या जागेच्या किंचित खाली किंवा वर लागतो. पियानोच्या सुरांवर पोसलेल्या कानाला तो बेसूर वाटतो. आंदोलित गंधार ऐकून मोठे झालेल्या माणसाने मात्र तो शब्द उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. याला माझा तिसरा क्रमांक. पहिल्या बाजूइतकी पकड दुसऱ्या बाजूला राहत नाही, नाहीतर हा अल्बम आणखी वर गेला असता.

आता पहिला क्रमांक. ‘मिंगस आ उम’ हे नाव लॅटिनच्या विभक्ती घोकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चालीवर बेतलेला एक विनोद आहे. संस्कृतात ‘देवः देवौ देवाः’ म्हणत डोलणाऱ्या पोरांनी एखाद्या मास्तरांच्या नावाचे रूप चालवावे, तसा. ५ आणि १२ मे १९५९ या दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या पूर्व तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. हा स्टुडिओ पूर्वी चर्च होते, छत उंच, आवाजाला घुमायला ऐसपैस जागा. ‘काइंड ऑफ ब्लू’ मार्च-एप्रिलमध्ये आणि ‘टाइम आउट’ जून ते ऑगस्टमध्ये तिथेच घडला. एका छपराखाली सहा महिन्यांत एवढे घडावे, याचे मला अजूनही नवल वाटते. ‘टाइम आउट’ आणि ‘मिंगस आ उम’ यांची वेष्टनेही एकाच चित्रकाराच्या, नील फुजिताच्या हातची आहेत; ती दोन्ही शेजारी ठेवली की दोघे भाऊ वाटतात, एक शाळेत जाणारा आणि एक तालमीत.

मिंगस बेसवादक होता, आणि आपल्या रचना कागदावर लिहून हाती देण्यापेक्षा गाऊन, वाजवून, घोटून घेणे त्याला पसंत होते. ही गुरुमुखातून मिळालेल्या तालमीची रीत आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही, आणि तिचा परिणाम या अल्बमच्या पहिल्याच क्षणापासून ऐकू येतो. ‘बेटर गिट इट इन युअर सोल’मध्ये चर्चमधल्या भक्तांचा जोश आहे, मिंगस मधूनच आरोळी ठोकतो, आणि बुकर अर्विनच्या सॅक्सोफोनच्या मागून बाकीची सगळी वाद्ये बाजूला होऊन नुसत्या टाळ्या उरतात. वारीतल्या भजनात मृदंग क्षणभर थांबून टाळच तेवढे वाजत राहावेत, तसा तो क्षण आहे. मी तो आजवर कितीदा ऐकला ते सांगवत नाही. दर वेळी टाळ्या थोड्या उशिरा संपाव्यात असे वाटते.

लगेच त्यानंतर ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ येते. टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग १५ मार्च १९५९ रोजी गेला; चपट्या माथ्याची गोल टोपी ही त्याची ओळख होती, आणि ही रचना त्या टोपीला दिलेला निरोप आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सिडनी बेशे आणि जुलैमध्ये बिली हॉलिडे यांचेही निधन झाले, म्हणजे जॅझच्या घरातली मोठी माणसे एकामागून एक उठून जात होती. सॅक्सोफोनवादक जॉन हँडी या रचनेत एका जागी स्वर ओठ-जिभेने असा थरथरवतो की वाद्य हुंदका आवरते आहे असे वाटावे. पण तो हुंदका फुटत नाही, आणि लय एका पावलानेही ढळत नाही. शोक कसा आटोपशीर असावा हे मला कुणी विचारले तर मी ही पाचेक मिनिटे ऐकवीन.

‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही उपहासाची रचना आहे. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉक येथील शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जाता येऊ नये म्हणून नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले होते. मिंगसने त्याच्यासाठी एक ढेंगाळी, फुगून चालणारी धून रचली. तमाशात पाटलाचे सोंग यावे तशी ती येते. या तबकडीवर शब्द नाहीत. शब्दांसह ती १९६० मध्ये कँडिड या वेगळ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. शब्द नसतानाही कुणाची टिंगल चालली आहे हे कळते, यातच रचनाकाराची हुकमत दिसते. त्या काळाची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की ‘काइंड ऑफ ब्लू’ दुकानात येऊन आठ दिवस झाले असताना, २५ ऑगस्टच्या रात्री, स्वतः डेव्हिसला तो जिथे वाजवत होता त्या बर्डलँड क्लबाच्या दारात पोलिसांनी डोके फुटेपर्यंत मारले होते.

नऊ रचनांपैकी कोणतीही दुसरीसारखी नाही. संगीतकार ड्यूक एलिंग्टनला लिहिलेले अनावृत पत्र आहे, जुन्या काळच्या पियानोवादक जेली रोल मॉर्टनची खोडकर आठवण आहे, ‘सेल्फ-पोर्ट्रेट इन थ्री कलर्स’मध्ये तर कुणीही उपज करत नाही, सगळे लिहिल्याबरहुकूम, आणि हे सारे एका माणसाच्या स्वभावातून आलेले आहे हे दोन मिनिटांत पटते. डॅनी रिचमंडचे ड्रम्स आणि मिंगसचा बेस लय कधी ताणतात, कधी अचानक दुप्पट करतात, आणि बाकीचे त्यांच्यामागे घरच्यासारखे वळतात. दोष सांगायचाच तर एक आहे: तबकडीवर मावाव्यात म्हणून यांतल्या अनेक रचना कापल्या गेल्या होत्या, आणि काही वादकांच्या पाळ्या त्या कात्रीत सापडल्या. पुढच्या आवृत्त्यांत त्या पूर्ण लांबीने मिळतात. मी दोन्ही ऐकल्या. पूर्ण आवृत्तीत वादकांना न्याय मिळतो, हे खरे. पण मूळ तबकडीची घट्ट वीण सैल पडते, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने मूळचीच घ्यावी असे माझे मत झाले आहे.

आणखीही काही नावे सदस्यांच्या याद्यांत आली. एकाने एला फिट्झजेराल्डच्या गर्श्विन बंधूंच्या गीतसंग्रहाला पहिले स्थान दिले; तो पाच तबकड्यांचा आहे, नेल्सन रिडलचे वाद्यवृंदसंयोजन देखणे आहे, आणि सगळा ऐकायला आम्हांला दोन बैठका लागल्या. माझ्या पाचव्या जागी तोच आहे, गाण्याच्या उच्चारांसाठी. रे चार्ल्सच्या ‘द जीनियस ऑफ रे चार्ल्स’ला दोघांनी गुण दिले. एलिंग्टनच्या ‘अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ मर्डर’ला कुणीच दिले नाहीत, याचे मला वाईट वाटले, पण मीही दिले नव्हते.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चारही अल्बम ऐकण्यासाठी फोन आणि बरे हेडफोन पुरेसे आहेत. तबकडीच हवी असेल तर नव्या आवृत्त्या आता सहज मिळतात, परंतु मागवताना वेष्टन कसे बांधून येणार ते आधी विचारावे. कोलमनची माझी प्रत उन्हात तापलेल्या खोक्यातून अशी वाकून आली की सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होत होती, आणि विक्रेत्याने परत घेण्याचे नाव काढले नाही. दोन जाड काचांमध्ये ठेवून ती थोडी सरळ झाली आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या प्रती घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे की सुरुवातीच्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे अदलाबदल झालेली होती, सहा मात्रांची झुलती लय ऐकू आली तर ते ‘ऑल ब्लूज’, लेबलवर काहीही लिहिलेले असो.

बेरीज झाली तेव्हा ‘काइंड ऑफ ब्लू’ बऱ्याच अंतराने पहिला आला, ‘टाइम आउट’ दुसरा आणि ‘मिंगस आ उम’ त्याच्या दोनच गुण मागे तिसरा. कोलमन चौथा. तबलजी मित्राने निकालाचा कागद मागून घेतला, माझ्या नावापुढचे आकडे पुन्हा एकदा तपासले, आणि ‘ब्लू रोंडो’ लावायला सांगून चौथ्या आवर्तनाच्या तिहाईला माझ्या गुडघ्यावर तीन थापा दिल्या.